ऑपरेशनच्या आधीचे वीस दिवस

गेल्या वर्षी रमजानमध्ये माझ्या मामूंच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. साडेदहा तास लागले. खालच्या जबड्याचा डावा तुकडा, गालाचा आतला भाग आणि मानेतल्या गाठी काढल्या आणि पायातलं हाड घेऊन नवा जबडा बसवला. आम्ही सगळे बाहेरच्या बाकावर तसबीह घेऊन बसलो होतो. जे काही व्हायचं ते त्या बंद दाराच्या आत होणार, अशी आमची समजूत होती. आता मागे वळून बघताना वाटतं, त्यातलं बरंचसं त्याआधीच्या वीस दिवसांत आमच्याच घरात ठरून गेलं होतं.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. घरात कागद वाचायची वेळ आली की मला बोलावतात, तसंच याही वेळी बोलावलं. मामूंना उर्दू वाचता येतं आणि ऑपरेशनच्या संमतीचा फॉर्म मराठीत होता. तो त्यांना वाचून समजावणं माझ्याकडे आलं. त्यात लिहिलं होतं : जखम पिकणे, मानेतून लाळ गळणे, लावलेला भाग निकामी होणे, पुन्हा ऑपरेशन करावे लागणे, न्यूमोनिया. मामूंनी सही करण्यापूर्वी विचारलं, "हे सगळ्यांना होतं का?" मी तोच प्रश्न डॉक्टरांना विचारला. "सगळ्यांना नाही. कुणाला होण्याची शक्यता जास्त, ते बऱ्याच अंशी आधी सांगता येतं," ते म्हणाले. हा लेख त्या उत्तरावर आहे.

आधी हे ऑपरेशन काय असतं ते सांगते, कारण 'प्लास्टिक सर्जरी' म्हटलं की आपल्याकडे लोकांना नटनट्या आठवतात. तोंडाच्या कॅन्सरमध्ये गाठ काढताना तिच्याभोवतीचा चांगला दिसणारा भागही काढावा लागतो. मग गालाला आरपार भोक राहतं, जबडा तुटका राहतो, जीभ अर्धी राहते. ते तसंच सोडलं तर माणूस गिळू शकत नाही, बोलू शकत नाही, लाळ सतत बाहेर येते. म्हणून शरीराच्या दुसऱ्या भागातून कातडी, मांस, कधी हाड आणून तिथं बसवतात. त्याला फ्लॅप म्हणतात. मनगटाजवळची कातडी, मांडीची कातडी, छातीचा स्नायू, किंवा पोटरीतलं बाहेरच्या बाजूचं बारीक हाड. या हाडाला फिब्युला म्हणतात आणि ते काढलं तरी माणूस चालू शकतो, कारण अंगाचं ओझं शेजारचं जाड हाड पेलतं.

या विद्येचा आपल्या मुलखाशी जुना संबंध आहे. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये कावसजी नावाच्या एका बैलगाडीवानाची हकिकत चित्रासह छापून आली. तो इंग्रजांच्या फौजेत होता, टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याजवळ विटा-मडकी करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. कपाळाची कातडी पूर्ण कापून काढली नव्हती, एका देठाने ती जोडलेली ठेवली होती, म्हणजे तिचा रक्तपुरवठा चालू राहिला. पुढे लंडनमध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने १८१४ मध्ये याच पद्धतीने नाक केलं. देठ राखायचा, रक्त तुटू द्यायचं नाही, हे त्या कारागिराला ठाऊक होतं.

आता देठ तोडूनही चालतं. पायातलं हाड काढताना त्याला रक्त आणणारी आणि त्यातून रक्त परत नेणारी अशा दोन्ही रक्तवाहिन्या त्याच्यासोबत काढतात आणि मायक्रोस्कोपखाली मानेतल्या रक्तवाहिन्यांना शिवतात. या नळ्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या असतात आणि शिवायचा धागा केसाहून बारीक. रक्तवाहिन्या जोडण्याच्या कामाबद्दल अलेक्सिस कॅरेल यांना १९१२ चं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. मनगटाच्या कातडीचा फ्लॅप चीनमधल्या डॉक्टरांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडला आणि पोटरीच्या हाडाने जबडा बांधण्याची पद्धत १९८९ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. हिडाल्गो यांनी. मोठ्या केंद्रांत असे शंभर फ्लॅप लावले तर साधारण पंचाण्णव जगतात. आकडा चांगला आहे. पण फ्लॅप जगला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. जखम पिकणं, टाके उसवणं, लाळ गळणं, छातीत कफ होणं असा लहानमोठा त्रास चांगल्या रुग्णालयांतही तीनातल्या एकाला, कुठे कुठे त्याहून जास्त जणांना होतो.

आणि हा त्रास केवळ त्रास म्हणून राहत नाही. गाठ मोठी असेल तर ऑपरेशननंतर रेडिएशन, म्हणजे शेक, द्यावा लागतो आणि तो ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवा. जखम भरली नसेल तर शेक लांबतो. शेक लांबला की कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते. हे मला आमच्या डॉक्टरांनी कागदावर रेघ ओढून दाखवलं : "इथं ऑपरेशन, इथं बेचाळिसावा दिवस. या दोन्हींच्या मध्ये जखम भरली पाहिजे." त्या रेघेपलीकडे काय झालं ते पुढे येईल.

आमचे वीस दिवस कसे गेले ते सांगते.

मामू टेम्पो चालवायचे. वय एकसष्ट. पंचवीस वर्षं मावा. सोलापूर-नगरकडच्या वाचकांना मावा सांगायला नको. बाकीच्यांसाठी, कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पिशवीत घोळून केलेला तोबरा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी कुठे मिळते हे आमच्या गल्लीतल्या सातवीच्या पोराला माहीत आहे. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे २७ टक्के प्रौढ तंबाखू वापरताना आढळले आणि त्यातले बहुतेक ओढणारे नव्हते, खाणारे होते. बायकाही त्यात आहेत. माझ्या नानीने मरेपर्यंत मिश्री लावली, आणि ती तंबाखू आहे असं कुणी म्हटलं तर ती रागवायची.

पहिल्या दिवशी सर्जननी मामूंना विचारलं, "चाचा, मावा कधी बंद केला?" मामू म्हणाले, "दोन महिने झाले." मुमानी जमिनीकडे बघत होत्या. मी पण बघत होते. आठ दिवसांपूर्वीच त्यांच्या कुर्त्याच्या खिशात पुडी मला दिसली होती. शाळेत दरवर्षी मुलांकडून तंबाखूमुक्तीची शपथ म्हणवून घेणारी मी, त्या खोलीत गप्प बसले. मोठ्या माणसाला डॉक्टरांसमोर खोटं पाडायचं नाही, हा अदब आड आला. आता त्या अदबीचा मला राग येतो.

खरं बाहेर आलं चौथ्या दिवशी, भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या तपासणीत. त्या म्हणाल्या, "मी पोलीस नाही, चाचा. मला तुम्हाला दहा तास झोपवून परत उठवायचं आहे. शेवटची पुडी कधी?" मामू काही बोलले नाहीत. मुमानी बोलल्या : "आज सकाळी."

निकोटीनमुळे बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला पुरेसं रक्त पोचत नाही. धूर असेल तर त्यातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा घेतो आणि फुप्फुसात कफ साठतो. या विषयावरचे बहुतेक अभ्यास विडी-सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेले आहेत, हे मॅडमनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण खाण्याच्या तंबाखूतही निकोटीन तेच. शिवाय जिथं टाके घालायचे तिथंच चुना-सुपारीने सोललेलं तोंड. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितलं की ऑपरेशनच्या चार आठवडे आधी धूम्रपान सोडलं तर गुंतागुंत लक्षणीय कमी होते आणि त्यापुढचा प्रत्येक आठवडा आणखी फायद्याचा ठरतो. आम्हाला चार आठवडे नव्हते. कॅन्सरचं ऑपरेशन मावा सुटण्यासाठी लांबवत नाहीत. सोळा दिवस होते, तेवढे मामूंनी काढले. पहिले चार दिवस घरात कुणी त्यांच्याशी बोलू शकत नव्हतं. सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची मोफत फोनसेवा आहे, १८००-११२-३५६, तिथल्या माणसाशी ते माझ्या फोनवरून दोनदा बोलले. आमच्याशी बोलले नसते ते त्याच्याशी बोलले. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी इयादतीला आलेल्या एका जुन्या सोबत्याने हात मिळवताना त्यांच्या मुठीत पुडी सरकवली. मैत्रीच म्हणायची. मुमानींनी ती नाली​त टाकली आणि त्या माणसाला वॉर्डाबाहेर नेऊन जे सुनावलं ते इथं छापता येणार नाही.

दुसरी गोष्ट साखर. मामूंना डायबेटिस आहे हे आम्हाला माहीत होतं, किती आहे हे माहीत नव्हतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ९.४ आली. साखर जास्त असली की जंतूंशी लढणाऱ्या पेशी मंदावतात आणि जखमेत पू होण्याची शक्यता वाढते. तीन महिन्यांची सरासरी वीस दिवसांत उतरत नाही, पण रोजची साखर उतरवता येते. त्यासाठी इन्सुलिन लागणार होतं आणि मामूंचा ठाम समज होता की इन्सुलिन एकदा लागलं की सुटत नाही. डॉक्टर म्हणाले, "हे ऑपरेशनपुरतं आहे. जखम भरली की पुन्हा बघू." मामू तयार झाले. आणखी एक लक्षात ठेवण्यासारखं : डायबेटिसच्या काही नव्या गोळ्या, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, ऑपरेशनच्या तीन-चार दिवस आधी थांबवाव्या लागतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही डॉक्टरांना ठरवावं लागतं. म्हणून औषधांची नावं सांगत बसण्यापेक्षा सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात. हकीम साहेबांची माजून, कुणी दिलेली पुडीतली पावडर, तीही त्याच पिशवीत. आमच्या पिशवीतून नाव-गाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या निघाल्या, त्या मामू गुडघेदुखीसाठी सहा महिने घेत होते. अशा गोळ्यांत स्टेरॉइड असू शकतं आणि स्टेरॉइडने जखम भरायला उशीर होतो. त्या कुठल्या, हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण भूल देणाऱ्या मॅडमनी त्याची नोंद घेतली.

इथंच रमजानचा प्रश्न आला. तारीख मिळाली तेव्हा रमजान आठ दिवसांवर होता, म्हणजे ऑपरेशनच्या आधी बारा रोजे येत होते. मामूंनी वयाच्या बाराव्या वर्षापासून रोजा सोडलेला नव्हता. घरात दोन तट पडले. अम्मी म्हणाल्या, "इतकी मोठी परीक्षा समोर आहे, रोजे ठेवू दे त्याला." दिवसभर उपाशी आणि इन्सुलिन चालू, हे धोक्याचं आहे हे मी सांगून पाहिलं, मास्तरीणबाईचं कोण ऐकतं? शेवटी मामेभाऊ मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांना घरी घेऊन आला. त्यांनी मामूंचा हात हातात घेऊन सांगितलं की आजारी माणसाला सवलत खुद्द अल्लाहने दिली आहे, ती न घेणं म्हणजे तकवा नव्हे. मामू रडले. पहिल्या रोजाच्या दिवशी दुपारी बारा वाजता मुमानींनी दार लावून घेऊन त्यांना जेवू घातलं. त्या स्वतः रोजाने होत्या.

जेवण हा या वीस दिवसांतला सर्वांत मोठा भाग होता, आणि घरच्यांच्या सर्वांत जास्त हातात असलेला. मामूंचं वजन पाच महिन्यांत चौसष्ट किलोवरून पंचावन्नवर आलं होतं. सुपारीने तोंड आधीच कमी उघडायचं, त्यात छाला दुखायचा, म्हणून ते चहात पाव बुडवून दिवस काढत होते. सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटलं असेल तर ऑपरेशननंतरचा धोका वाढतो, असं आहारतज्ज्ञ ताईंनी सांगितलं. मामूंचं चौदा टक्के घटलं होतं. जखम प्रोटीनने भरते, आणि ते प्रोटीन माणसाच्या ताटातून आलं नाही तर त्याच्या स्नायूंतून जातं. त्यांनी हिशोब दिला : एक किलो वजनामागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मामूंना सत्तर ते ऐंशी ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, पेलाभर दुधात साधारण तेवढंच.

मुमानींनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "मी रोज पायाचा सूप देते, यखनी देते." ताई हसल्या. म्हणाल्या, "सूप द्या, पण गाळून नुसतं पाणी देऊ नका. ताकद पाण्यात उतरते हा समज आहे. मटण मऊ शिजवून मिक्सरमध्ये त्याच पाण्यात वाटा." आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आजाऱ्याला वरचं पाणी पाजतात आणि बोटी बाकीचे खातात, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. मग खिचडा, तोही वाटलेला. डाळीत अंडं फेटून. दुधात दुधाची पावडर. फुटाण्याचं पीठ ताकात. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं; बरेच दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम भरपूर द्यायचं नाही, हेही त्यांनी बजावलं. वीस दिवसांत वजन दोन किलोने वाढलं. हिमोग्लोबिन थोडं वर आलं.

याच काळात दातांच्या डॉक्टरांनी दोन किडके दात काढले, बाकीचे साफ केले आणि दिवसातून तीनदा औषधी पाण्याने चुळा भरायला सांगितल्या. तोंडातली घाण टाक्यांत जाते आणि भुलीत असताना फुप्फुसातही उतरते. मिसवाक आत जाईल इतकं मामूंचं तोंड उघडत नव्हतं. लहान मुलांचा मऊ ब्रश आणला.

योजनेच्या कागदांत चार दिवस गेले, तेही सांगून टाकते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं. रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो, त्याच्याकडे रेशनकार्ड-आधार घेऊन पहिल्याच दिवशी जावं.

वयाचा मुद्दा एका नातेवाइकाने काढला होता : साठीच्या पुढे एवढं मोठं ऑपरेशन कशाला? डॉक्टरांचं म्हणणं असं की नुसतं वय फारसं आडवं येत नाही. हृदय, फुप्फुस, मूत्रपिंड, साखर कशी आहे त्यावर ठरतं. जास्त जड प्रश्न असतो तो आधी शेक घेतलेल्या माणसाचा. वॉर्डात शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते. त्यांचा तीन वर्षांपूर्वी शेक झाला होता आणि गाठ परत आली होती. शेकाने मानेतल्या रक्तवाहिन्या कडक होतात, आजूबाजूचं मांस चामड्यासारखं होतं. तिथं नवा भाग जोडायचा तर चांगली नळी शोधावी लागते आणि जखम फार हळू भरते. कधी मानेला शेक बसल्याने थायरॉइड मंदावतो आणि त्यानेही जखम रेंगाळते. ते एका रक्ततपासणीत कळतं. त्या गृहस्थांच्या बायकोने जुनी शेकाची फाइल आणली नव्हती, "ते तर जुनं झालं" म्हणून. फाइल गावाहून यायला तीन दिवस लागले.

ऑपरेशन झालं. मामू आयसीयूत आले तेव्हा ओळखू येत नव्हते. गळ्यात श्वासाची नळी, नाकातून पोटात अन्नाची नळी, पायाला प्लास्टर. बोलता येणार नाही हे आधी सांगितलं होतं, म्हणून मी शाळेची पाटी नेली होती. सिस्टर म्हणाली, खडूची भुकटी गळ्याच्या नळीत जाईल. मग मी पुठ्ठ्याची कार्डं केली, एका बाजूला उर्दूत, दुसऱ्या बाजूला मराठीत : दुखतंय. कफ ओढा. कुशीवर वळवा. पाय. लघवी. मुमानीला बोलवा. मामू उर्दू बाजू बघून कार्ड उचलायचे, सिस्टर मराठी बाजू वाचायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या दोन भाषांचा एवढा थेट उपयोग कधी झाला नव्हता.

पहिले दोन-तीन दिवस फ्लॅपसाठी सगळ्यात नाजूक. जोडलेल्या नळीत गुठळी झाली तर बहुधा याच काळात होते. दर तासाला सिस्टर टॉर्च घेऊन यायची, गालातल्या नव्या कातडीचा रंग बघायची, बोटाने दाबून बघायची, एका छोट्या यंत्राने रक्ताचा फुसफुस आवाज ऐकायची. कातडी पांढरी-गार पडली तर रक्त येत नाही, निळी-जांभळी होऊन फुगली तर रक्त परत जात नाही. दुसऱ्या रात्री मुमानींना आत बसू दिलं होतं. दर तासाची ती उठाठेव बघून त्या सिस्टरला म्हणाल्या, "बेटी, जरा डोळा लागलाय त्यांचा, दोन तासांनी ये." सिस्टर नाही म्हणाली. पहाटे अडीचला तिला कातडी जांभळट दिसली. सुईने टोचलं तर काळपट रक्त भरभर आलं. सव्वातीनला मामू पुन्हा ऑपरेशन थिएटरमध्ये होते. रक्त परत नेणाऱ्या नळीत गुठळी होती. ती काढून नळी पुन्हा जोडली. सकाळी फ्लॅप गुलाबी झाला. दोन तासांनी आली असती तर काय, हा प्रश्न मुमानी अजून विचारतात. अशा वेळी लवकर उघडून बघितलं तर बरेच फ्लॅप वाचतात आणि उशीर झाला तर वाचत नाहीत, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

आठव्या दिवशी मानेच्या टाक्यांतून पाणी येऊ लागलं. ती लाळ होती. आतला एक टाका सुटून तोंडातून मानेत वाट झाली होती. रोज दोनदा ड्रेसिंग, तोंडाने काहीही नाही, सगळं नळीतून. मामेभावाने तर पहिल्या दिवशी माशी बसल्यासारखी पट्टी बघून उलटी केली, नंतर तोच उत्तम ड्रेसिंग करायला शिकला. ईद याच दिवसांत आली. मुमानींनी शीरखुर्मा केला आणि गाळून नळीतून देऊ का विचारलं. शेवया-खजुराचा कण अडकला तर नळी बंद पडते, आणि साखर होतीच. त्यांनी नुसतं दूध दिलं, त्यात वेलची उकळून. मामूंना वास यावा म्हणून.

लाळ थांबायला सव्वातीन आठवडे लागले. माणसं इयादतीला येत होती, आठ-आठ, दहा-दहा, खाटेवर बसत होती, जखम बघायला पट्टी उचलायला सांगत होती. आजाऱ्याची विचारपूस करणं आपल्याकडे सवाबचं काम आहे. पण उघड्या जखमेच्या माणसाला ती लांबूनही करता येते. आम्ही दारावर उर्दूत चिठ्ठी लावली. काही लोक रुसले ते अजून रुसलेलेच आहेत.

शेक सुरू झाला चोपन्नाव्या दिवशी. बेचाळीसच्या रेघेपुढे बारा दिवस.

मुमानींनी डॉक्टरांना एकदा सरळ विचारलं, "हे माव्याने झालं का? साखरेने? की मी आधी खायला कमी घातलं?" ते म्हणाले, "एका माणसाबाबत असं बोट ठेवता येत नाही. चांगल्या साखरेच्या, कधी तंबाखू न खाल्लेल्या माणसालाही लाळ गळते. पण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पारडं त्या बाजूला झुकतं. तुम्ही त्यातलं जे सोळा दिवसांत हलवता येत होतं ते हलवलंत." पुढे त्यांनी सांगितलं की गुठळी होण्याशी तंबाखूचा संबंध अभ्यासांत ठामपणे दिसत नाही, जखम रेंगाळण्याशी मात्र दिसतो. मुमानींना यातलं किती पटलं ते मला माहीत नाही.

आमच्या जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे आणि देशातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी तिथेच १९८७ मध्ये सुरू झाली. म्हणजे आपल्या भागात तोंडाचा कॅन्सर होतो हे सांगणारे कागद माझ्या लहानपणापासून तयार होत आहेत. मामूंचा छाला सात महिने जुना होता. तीन आठवड्यांत न भरणारा छाला दाखवायचा असतो. लहान असताना गाठ निघाली असती तर कदाचित हाडाला हात लागला नसता, ऑपरेशन दोन-तीन तासांत आटोपलं असतं आणि हे सगळं सांगायची वेळ आली नसती.

ऑपरेशनला आता चौदा महिने झाले. दर दोन महिन्यांनी तपासणीला जावं लागतं. पहिली दोन वर्षं जास्त जपायची. तोंड दोन बोटं उघडतं. वाटलेला खिचडा खातात. बोलणं घरच्यांना समजतं, परक्यांना नाही. इन्सुलिन सुटलं, गोळ्या आहेत. पायाने थोडे लंगडतात, पण जुम्याला मशिदीत चालत जातात. मामेभाऊ बत्तीस वर्षांचा आहे आणि तोही कॉलेजपासून मावा खायचा. सोडलाय म्हणतो. मी त्याला विचारत नाही. मुमानी रोज रात्री त्याच्या पँटचे खिसे बघतात.